छातीतलं पाणी

धरणगावजवळच्या खेड्यात राहणारी माझी मोठी बहीण कापूस वेचताना धापा टाकू लागली, तेव्हा मी तिला जळगावला माझ्याकडे आणलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसलं. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून ते काढलं. फिकट लालसर होतं.

आठवड्याभरात पुन्हा भरलं.

"पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले, "आणि टीबीचाही पुरावा नाही. पाण्यातला ट्युमर मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण देणारा घटक, तपासू. त्यावरून अंदाज येईल."

ते दोन दिवस मी देवाकडे टीबी मागत होतो. टीबी बरा होतो, एवढंच मला ठाऊक होतं.

रिपोर्टमधला आकडा फार वर गेलेला होता. "नुसत्या मार्करवर ठरवता येत नाही, पण संशय दाट आहे. आतला तुकडा काढून तपासावा लागेल," डॉक्टर म्हणाले. तुकड्याने खात्री केली. फुप्फुसाचा कॅन्सर होता, आणि बराच पसरलेला.

मी वॉर्डात गेलो. अक्का खाटेवर बसून होती.

"टीबीच शे ना रे भाऊ?"

"हो, टीबीच."

"मंग बरी व्हई जासू मी," ती म्हणाली आणि किती दिवसांनी हसली.

तिच्या मुलालाही मी हेच बोलायला लावलं. घरी गेल्यावर तिने स्वतःचं ताट-पेला वेगळा केला, खाट ओसरीत टाकली. सून सात महिन्यांची नात घेऊन आली की पदर तोंडाला लावून दुरूनच म्हणायची, "आठे नको आणू. पोरले लागी जाई."

"अक्का, पाण्याचा टीबी लागत नाही," मी सांगून पाहिलं.

"तुले काय ठाऊक? तू डॉक्टर शे का?"

खरं सांगावं म्हणून मी दोनदा गाडी काढून गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

चौथ्या महिन्यात ती गेली. शेवटपर्यंत तिने नातीला मांडीवर घेतलं नाही. पोर ओसरीच्या उंबऱ्यावर हात पसरून रडायची आणि अक्का भिंतीकडे तोंड करायची. ती पाठ मला अजून दिसते, दिवसाढवळ्या, ऑफिसात काम करताना.

भाच्याने मला कधी दोष दिला नाही. मीच त्याच्या घरी जाणं कमी केलंय.