कानापुढे बोटं टेकणाऱ्या वत्सलाताई

डॉक्टर वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट नाकाडोंगरीजवळच्या दवाखान्यात झाली. सत्तरचे दशक अर्धे सरले होते आणि मी नर्स म्हणून नुकतीच रुजू होत होते. एस.टी.ने उशीर केला, त्यामुळे घाबरतच आत शिरले. ताई रुग्ण तपासत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "सिस्टर, आधी पाणी प्या. मग इकडे या, एक गोष्ट दाखवते."

समोर राधाबाई बसल्या होत्या. जवळच्या खाणीत त्या दगडाची टोपली वाहत. कान दुखतो म्हणून घरच्यांनी त्यात कोमट तेल घालून पाहिले होते.

"माह्यासंगच्या बाईले सुरुंगाच्या आवाजानं आयकू येत नाही आता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मले बी तसंच होऊन राहिलं का?"

ताईंनी कानात बत्ती धरून पाहिले. पडदा स्वच्छ होता, पू नव्हता, तापही नव्हता. कान ओढला तरी दुखले नाही. मग त्यांनी कानापुढे दोन बोटे टेकून तोंड उघडायला सांगितले. राधाबाई कळवळल्या. ताईंनी माझे बोट तिथे ठेवले. जबड्याचा सांधा कटकट वाजत होता.

"टोपली उचलताना दात कसे असतात?"

राधाबाईंनी दात घट्ट आवळून दाखवले. सुपारीही दिवसभर तोंडात असे.

"कान चांगला आहे तुमचा. बहिऱ्या होणार नाही. दुखतो तो जबडा."

राधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ताईंनी मऊ भात खायला, बाहेरून शेकायला सांगितले; तेल आणि सुपारी बंद. कान वाहिला किंवा ऐकू कमी आले, तर लगेच यायचे, हेही बजावले.

राधाबाईंना टोपलीऐवजी हलके काम द्या, हे सांगायला ताई स्वतः खाणीच्या मुकादमाकडे गेल्या.

तो म्हणाला, "डॉक्टरीनबाई, उद्या साऱ्याच बाया कान दुखते म्हनतीन."

"मग साऱ्यांना पाठवा. तपासते," ताई शांतपणे म्हणाल्या. राधाबाईंना दगड निवडायचे बसते काम मिळाले. महिन्याभराने त्या हसत आल्या. "चने चावून पाहिले, बाई. दुखत नाही."

"चणे खायला कोणी सांगितलं?" ताई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.

ही गोष्ट गावभर झाली. मग शाळेचे गुरुजी कानाला रुमाल बांधून आले आणि आपलाही जबडाच दुखत असल्याचे सांगू लागले. ताईंनी तपासले. अंगात ताप, कानाचा पडदा लालभडक. "गुरुजी, राधाबाईंचं दुखणं त्यांच्याकडेच राहू द्या. तुमचा कान पिकलाय." औषध देऊन, गुण येईपर्यंत त्यांनी गुरुजींना रोज बोलावले. आधी ऐकून घ्यायचे, मग हात लावून पाहायचे आणि तोवर औषधाचे नाव काढायचे नाही, ही त्यांची शिस्त आम्ही सगळ्यांनीच उचलली.

पुढे ताई भंडाऱ्याला गेल्या, तरी गावची माणसे त्यांच्या दारी जातच राहिली. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यात दुपारची थोडी झोपही असो. ती आम्ही त्यांना आजवर कधी घेऊ दिलेली नाही.