गाडी लागणारा गार्ड

मला गाडी लागते. बैलगाडी कधी लागली नाही, सायकल लागली नाही. पण चार चाकं आणि वर छप्पर असलं की माझं पोट गळ्यात येतं. वाशीमकडून पहिल्यांदा पुण्याला आलो तो अख्ख्या वाटेत एसटीच्या खिडकीबाहेर डोकं काढून. माझ्या मागच्या खिडकीत एक गृहस्थ होते. पुण्यात उतरल्यावर त्यांनी मला मुद्दाम गाठलं. मला वाटलं मारतात. पण ते टॉवेलनं तोंड पुसत एवढंच म्हणाले, "परत कधी जाणार ते सांगून ठेवा. म्हणजे मी त्या दिवशी निघत नाही."

मी परत गेलोच नाही. जायचं म्हणजे परत एसटी आली.

हडपसरला एका कारखान्यात हमाली मिळाली. मग तो कारखाना बंद पडला. काही वर्षांनी त्याच रस्त्याला काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. आत कंप्युटरवाले. सगळे म्हणाले, आता कामच काम. कामं होती, पण ती सगळी शिकलेल्यांची. माझं शिक्षण म्हणजे, शाळेच्या भिंतीला पांढरी माती लावायला गेलो होतो तेवढंच.

मग सिक्युरिटीत माणसं घेतात असं कळलं. तिथल्या सुपरवायझरनं विचारलं, "वाचता येतं?"

"नाही."

"मग गेटवर चालणार नाही. तिथे गाड्यांचे नंबर लिहायचे असतात, लोकांची कार्डं बघायची असतात." त्यानं यादीवर बोट फिरवलं. "गाडीत बसता येतं?"

"येतं," मी म्हणालो. खोटं नाही. बसता येतंच. बसल्यावर काय होतं ते त्यानं विचारलं नाही.

काम असं होतं. पहाटेच्या पाळीला मुली यायच्या. अंधारात त्या एकट्या ड्रायव्हरबरोबर नकोत म्हणून गाडीत एक गार्ड. हडपसरहून निघायचं, कर्वेनगरला दोन मुली घ्यायच्या, नारायण पेठेत एक बाई, आणि परत हडपसर. गार्डनं ड्रायव्हरच्या शेजारी जागं बसायचं. बस्स. न शिकलेल्या माणसाला पुण्यात याच्यापेक्षा सोपं काम नव्हतं, आणि तेच नेमकं मला जमणारं नव्हतं.

घरी बायको पोटुशी होती. तिला सकाळी मळमळायचं, मलाही मळमळायचं. शेजारीण तिच्यासाठी लिंबं आणून द्यायची आणि ती त्यातली निम्मी माझ्या खिशात घालायची. तिचं ठरलेलं होतं, बाळंतपण पुण्यातच करायचं, गावी जायचं नाही. आणि ही नोकरी गेली तर गावीच जावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"बसाची नोकरी हाय जी," ती म्हणायची. "दगड उचलाले नाही सांगतलं तुमाले. बसाचं. तेही तुमच्यानं होत नाही?"

"होईल."

"हे घ्या, चिंच. हा आलेपाक. अन् हा पेपर पोटाले लावा."

पोटाला पेपर लावला की गाडी लागत नाही, हे तिच्या आईचं औषध. शर्टाच्या आतून पोटावर घडी करून ठेवायचा. रद्दीवाल्याकडून ती मुद्दाम इंग्रजी पेपर आणायची, कारण तो जाड असतो. मला मराठी वाचता येत नाही, पण इंग्रजी पेपर रोज पोटाशी. कडक सॅल्यूट मारला की शर्टातून कुरकुर आवाज यायचा. साहेब लोक इकडेतिकडे बघायचे.

ड्रायव्हर तिथलाच, जवळच्या मांजरी गावचा. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या तोंडाचा रंग बघितला.

"पाव्हणं, गाडी नवी हाय. सीटवर काय सांडलं तर तुमाला बी तितंच सांडून जाईन."

"मला काय झालंय?"

"तुमाला न्हाय, माझ्या सीटला व्हईल."

त्यानं आरशाला वासाची बाटली टांगली होती. मोगरा म्हणे. काचा बंद, एसी चालू आणि आत मोगरा. मी स्वारगेटपर्यंत लिंबू हुंगत होतो. कर्वेनगरच्या अलीकडे "लघवीला थांब" म्हणून उतरलो आणि एका सोसायटीच्या कुंपणाला जे द्यायचं ते दिलं.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो. चष्मा नाकावर घेतलेले काका होते.

"उलटी झाली की गोळी पाहिजे," मी म्हणालो.

"उलटी झाली की पाणी आणि फडकं लागतं. गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते."

"बरं."

"आणि झोप येते. काम काय करता?"

"जागं बसायचं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि गोळी परत डबीत टाकली. मी तरी घेतलीच. सकाळी गाडीत बसलो ते एकदम ड्रायव्हरच्या कोपरानं जागा झालो. गाडी नारायण पेठेत वळत होती. कर्वेनगरच्या मुली मागे हसत होत्या. त्या दिवसापासून गोळी बंद.

दुकानातून निघताना त्याच काकांनी फुकटात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नजर लांब रस्त्यावर ठेवा, जवळचं काही बघू नका. मान हलवू नका, बोलू नका. रिकाम्या पोटी बसू नका आणि भरल्या पोटीही बसू नका. ह्या दोनपेक्षा जास्त झाल्या, पण मला मोजता कुठे येतं.

मग मी तसंच सुरू केलं. दोन कोरडी बिस्किटं खाऊन बसायचं. दात घट्ट, हात गुडघ्यावर, डोळे लांबच्या दिव्यावर. कोणी काही विचारलं तर फक्त बोट वर. मागे मुली कितीही हसल्या तरी मान वळवायची नाही. वळवली तर आलेपाक बाहेर.

नारायण पेठेतल्या बाई चाळिशीच्या आतल्या होत्या, मोठ्या हुद्द्यावरच्या. बोलणं कमी, पण एकेक शब्द बरोबर बसायचा. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला म्हणाल्या, "अहो, तो वास काढा आधी. गाडी आहे की लग्नाचा हॉल?" मोगरा गेला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकलो असतो तर वेगळंच झालं असतं.

रोज त्या गाडीत चढताना म्हणायच्या, "नमस्कार." मी समोर बघत बोट वर करायचो. महिनाभर असंच चाललं. हडपसरला जिथे उतरायचो तिथे एक पाण्याचा नळ होता, त्याच्याशी माझी चांगली ओळख झाली.

मग एक दिवस सुपरवायझरनं बोलावलं. "तुझ्याबद्दल वरून आलंय."

संपलं, असं मला वाटलं. मी पोटावरचा पेपर चाचपला.

"नारायण पेठेच्या मॅडमनी सांगितलंय. म्हणे, बाकीचे गार्ड झोपतात, मोबाइलवर बोलतात, मुलींकडे वळून बघतात. हा एकटा नजर रस्त्यावरून काढत नाही. नमस्काराला पण मान वळवत नाही. असा कडक माणूस बघितला नाही म्हणे."

मी तोंड उघडलं नाही. तेही कडकपणातच गेलं.

"पुढच्या शनिवारी त्यांच्या ऑफिसची सहल आहे महाबळेश्वरला. बसमध्ये गार्ड म्हणून तूच. मीही आहे. नीट झालं तर तुला कायम करतो. नाही झालं तर मग बघू."

घरी सांगितलं तर बायकोनं आधी चाळीत सांगितलं आणि मग मला विचारलं, "तिथं घाट हाय का जी?"

"दोन."

तिनं त्या दिवशी पेपर दोन घातले.

खंबाटकीचा घाट मी काढला. कसा ते माझं मला माहीत. वाईला सगळ्यांनी मिसळ खाल्ली, मी बाहेर उभा राहून दोन बिस्किटं खाल्ली. एक मुलगा म्हणाला, "बघा, ड्युटीवर जेवतसुद्धा नाहीत." मग पसरणीचा घाट लागला. बस एकदा डावीकडे झुकायची, एकदा उजवीकडे. मागे पोरं गाणी म्हणत होती, वेफर्सच्या पिशव्या फोडत होती. मी लांबच्या डोंगरावर डोळे लावले, तर डोंगरच फिरायला लागला.

आणि सुपरवायझर माइक घेऊन उभा राहिला. "आता आपले गार्ड दोन शब्द बोलतील. इतकं जागरूक कसं राहायचं ते."

मी मान हलवली. ती हलवायची नव्हती.

"लाजू नका हो," मागून आवाज आला. टाळ्या सुरू झाल्या.

माइक तोंडाशी आला. मला नमस्कार म्हणायचा होता. नमस्काराच्या आधी दुसरंच आलं. माइकमध्ये आलं, सुपरवायझरच्या बुटांवर आलं, आणि आवाज सगळ्या बसला स्पीकरमधून ऐकू गेला. गाणी बंद. टाळ्या बंद. मागे कोणीतरी "अरे, थांबवा, मलाही होतंय" म्हणालं, मग आणखी एक जण म्हणाला.

बस वळणावर कडेला लागली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. शर्टातून इंग्रजी पेपर काढून तोंड पुसलं.

सुपरवायझर बूट हातात घेऊन आला. "तुला गाडी लागते?"

"हो साहेब."

"आणि तू गाडीतला गार्ड?"

"हो साहेब."

"मग रोज असा ताठ बसायचास ते?"

"उलटी आवरत होतो साहेब."

नारायण पेठेच्या बाई बाटलीतलं पाणी घेऊन आल्या होत्या. आम्हा दोघांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे हे आमची राखण करत नव्हते. नाश्त्याची करत होते."

"मॅडम, सॉरी," सुपरवायझर म्हणाला. "सोमवारपासून दुसरा माणूस देतो."

मला बायकोचं पोट दिसलं आणि एसटीची खिडकी दिसली. गयावया करायला तोंड उघडणार होतो, पण तेव्हा माझ्या तोंडावर माझाच भरवसा नव्हता.

"कशाला?" बाई म्हणाल्या.

"अहो, ह्याला गाडी लागते."

"लागू दे. नजर रस्त्यावर होती की नव्हती?"

"होती, पण..."

"कशासाठी होती ते त्यांचं ते बघतील. आधीचा गार्ड मागे येऊन बसायचा आणि माझ्या पर्सवर डोकं ठेवून घोरायचा. उलटीवाला निदान जागा असतो."

"आणि माझे बूट?"

"बूट धुता येतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला तुमची दया वगैरे आलेली नाही. दर महिन्याला नवीन माणसाला गल्ली दाखवायचा कंटाळा आलाय." पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि बसमध्ये जाऊन बसल्या.

सुपरवायझर बूट घेऊन त्यांच्या मागे चढला. महाबळेश्वरला मी दिवसभर बसच्या खाली, सावलीत पडून होतो. सगळे पॉइंट बघून आले. मी टायर बघितला.

सोमवारी गाडी माझ्या खोलीपाशी थांबेल की नाही, माहीत नव्हतं. थांबली. ड्रायव्हरला सगळं कळलेलं होतं. सीटवर त्यानं खताचं रिकामं पोतं अंथरलं होतं. "बसा," म्हणाला.

नारायण पेठेत बाई चढल्या. "उत्तर देऊ नका, समोर बघा," त्यांनी मला सांगितलं. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "अहो, त्यांच्या बाजूची काच खाली घ्या. आणि वळणं जरा माणसासारखी घ्या."

ड्रायव्हरनं काच खाली घेतली. स्वारगेटला मला जरा मळमळलं, पुढे हवा लागली. हडपसरला गेटवर सुपरवायझर उभा होता, पायात नवे बूट. मी दार उघडलं तसा तो झटकन मागे सरला. मुली उतरून गेल्या. तो लांबूनच मला खालपासून वरपर्यंत बघत राहिला.

"उद्या वेळेवर ये," तो म्हणाला. मी बोट वर केलं.