रेडिओ धिंगाणा ऐकतो कोण?

भिकुबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ती जन्मली तशी आईने तिला सुईणीच्या पदरात टाकली, मूठभर ज्वारी देऊन परत मागून घेतली आणि नाव ठेवलं भिकुबाई. मागून आणलेल्या पोरीकडे यम ढुंकून बघत नाही, असा समज. यमाचं माहीत नाही, पण बाकीच्यांना तिच्याकडे लक्ष दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण देवाने तिला आवाजच तसा दिला होता. पानखेडीच्या शेतात ती आपल्या बैलाला थांब म्हणायची आणि बांधापलीकडचे बैलही थांबायचे. हे तिचं स्वतःचं सांगणं आहे. त्यात थोडा मीठमसाला असणारच, पण फार नसावा.

लग्नानंतर धुळ्यात आल्यावर तिला पंडितभाऊंनी हेरली, तीही एका हळदीत. पंडितभाऊंचं देवपुरात पाण्याच्या मोटारींचं दुकान आणि दुकानावरच्या खोलीत त्यांचा हौसेचा संसार, म्हणजे रेडिओ धिंगाणा. सकाळ-संध्याकाळ फक्त नाचायची गाणी. हळदीची, वरातीची, कानबाईच्या उत्सवाची. बातम्या नाहीत, हवामान नाही, प्रवचन तर मुळीच नाही. त्या हळदीत बँडवाले ठेका सोडून भलतंच वाजवायला लागले, तेव्हा भिकुबाईने मांडवातून त्यांची अशी काही बिनपाण्याने केली, की नवरदेवसुद्धा हळदीचं अंग घेऊन उठून उभा राहिला. पंडितभाऊ तिथेच म्हणाले, "बाई, हेच माइकवर बोलाल का?"

ती बोलली. चांगली दहा-बारा वर्षं बोलली. गाणं लावण्याआधी ती ऐकणाऱ्यांची हजेरी घ्यायची. भाच्याच्या हळदीत मामा नाचला नाही, तर दुसऱ्या दिवशी मामाचं नाव, गाव आणि दुखऱ्या गुडघ्याची सबब सगळं रेडिओवरून बाहेर पडायचं. नवरीचा बाप वरातीत कोपऱ्यात उभा राहिला तर त्याच्यासाठी "खास" गाणं लागायचं. लोक तिला भ्यायचे आणि लग्नाचं आमंत्रणही आधी तिलाच द्यायचे. हो, न देऊन सांगतो कोणाला!

पण काळ कोणाच्या बापाचा नसतो. पोरांच्या खिशात मोबाइल आले आणि त्या मोबाइलमध्ये जगातली सगळी गाणी आली. पुढे तर रेडिओ लागतच नाही असे मोबाइल निघाले. जाहिराती आटल्या. खाली मोटारी खपेनात, वर गाणी ऐकली जाईनात. तरी पंडितभाऊ आज बघू, उद्या बघू करत होते. त्यांचा धीर सुटला तो एका मंगळवारी.

त्या मंगळवारी पहाटेच्या कार्यक्रमात भिकुबाईकडे दोन निरोप होते. एक कोणाच्या तरी वाढदिवसाचा, दुसरा अभिमन नाना नावाच्या म्हाताऱ्याच्या दशक्रिया विधीचा. चष्मा घरी राहिला होता. भिकुबाईने अभिमन नानांना वाढदिवसाच्या तोंडभरून शुभेच्छा दिल्या, "नाना, आज मागे हटायचं नाही, कंबर हलली पाहिजे," असं बजावलं आणि वर दणदणीत हळदीचं गाणं लावलं. चूक कळली तेव्हा तिने जीभ चावली आणि दिवसभर फोनकडे बघत शिव्यांची वाट पाहिली.

फोन वाजलाच नाही.

"शिव्या आल्या असत्या तर मी चालू ठेवलं असतं," पंडितभाऊ संध्याकाळी म्हणाले. "मेलेल्या माणसाला तुम्ही नाचायला लावलं, भिकुबाई, आणि एक माणूस बोलला नाही. याचा अर्थ काय? कुत्रंसुद्धा आपल्याला ऐकत नाही."

तरी माणूस न्यायाचा. त्यांनी जळगावच्या एका संस्थेतली दिपमाला नावाची मुलगी ठरवली. तिचं कामच लोक काय ऐकतात-बघतात ते घरोघरी विचारण्याचं. रविवारी तिने कुठल्याही एका गावात जावं आणि रेडिओ धिंगाणा कोणी ऐकतं का ते पाहावं. ऐकत असतील तर चालू, नाहीतर या महिन्यातच कुलूप. गाव कुठलं ते भिकुबाईने सुचवलं. "पानखेडीला पाठवा, तिथं रस्ता चांगला आहे," ती निरागसपणे म्हणाली. पानखेडी तिचं माहेर आहे, हे सांगायची तिला गरज वाटली नाही.

कुलूप लागलं तर तिला कुठे जावं लागणार, हे ठरलेलंच होतं. जळगावात पिंप्राळ्याला लेकाचा फ्लॅट. लेक चांगला, सून सारिका तर सोन्यासारखी. पण त्या घरात सगळं हळू. टीव्ही हळू, दार हळू, बोलणं हळू. भिकुबाईने चहा मागितला की लेक तोंडावर बोट ठेवायचा, "आई, हळू, खालच्या मजल्यावर ऐकू जातं." गेल्या दिवाळीत ती चार दिवस राहिली आणि घसा बसल्यासारखी परत आली. तिला मरणाची भीती नव्हती, ती तर आईने ज्वारी देऊन आधीच मिटवली होती. तिला भीती होती ती त्या हळू बोलण्याची.

शनिवारी ती एसटीने पानखेडीला गेली, पिशवीत एक जुना रेडिओ घेऊन. पारावर माणसं गोळा केली. "उद्या जळगावनी बाई ईन," तिने सांगितलं. "तवय हाऊ रेडिओ गणपतीना मोठा स्पीकरले जोडा आनि बठ्ठा नाचा. मनी इज्जत तुमना हातमा शे."

गावचे म्हातारे वना आबा तंबाखू मळत म्हणाले, "गावनी अंडेर काही मांगस, आनि आपन नही म्हनूत?"

विषय संपला. आपल्याकडे गावची लेक उंबऱ्यावर येऊन काही मागते तेव्हा ते देण्याजोगं आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. नाही म्हणाली ती फक्त पुष्पाबाई, भिकुबाईची भावजय. नणंद-भावजयीचं एका लग्नातल्या मानपानावरून फाटलं होतं आणि दोघींपैकी कोणी सुईदोरा हातात घेतला नव्हता. दारात उभी राहून, भिकुबाईला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "माले नाचाले टाइम नही. आनि ती केकाटस ते ऐकाले बी नही."

रविवार उजाडला. आणि नशीब बघा, पहाटेच देवपुरात विजेचा दाब वरखाली झाला आणि रेडिओ धिंगाणाचं यंत्र फट् करून गेलं. खालच्या दुकानात मोटारी दुरुस्त करणारा नथ्थू वर आला, यंत्राची आतडी बाहेर काढून फरशीवर मांडून बसला आणि म्हणाला, "आज नही व्हनार." भिकुबाईने पानखेडीला फोनावर फोन लावले. गावात सगळे नटण्यात गुंतलेले, उचलतो कोण! पंडितभाऊ खुर्चीत बसून राहिले. भिकुबाई बंद माइकसमोर बसली. आपलं कुलूप आपणच आणलं, हे तिला दिसत होतं. सगळं गाव पारावर येणार, स्पीकरमधून नुसती खरखर निघणार आणि ती जळगावची मुलगी डोळ्यांनी पाहणार. तिला रडू आलं, आणि तेही पिंप्राळ्यासारखं, बिनआवाजाचं.

दुपारी पंडितभाऊंचा मोबाइल वाजला. दिपमालाचा व्हिडिओ कॉल. तिचा चेहरा घामाने थबथबलेला, कपाळाला कोणीतरी गुलाल फासलेला.

"सर!" ती ओरडत होती, कारण मागे कानठळ्या बसत होत्या. "मी असं कधी पाहिलं नाही, सर! अख्खं गाव तुमचा रेडिओ लावून नाचतंय! मलाही सोडलं नाही!"

पंडितभाऊंनी फरशीवरची आतडी बघितली. मग भिकुबाईकडे बघितलं. मग पुन्हा मोबाइलकडे. तिथे वना आबा एका पायावर नाचत होते.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि मोबाइलमधून भिकुबाईचा आवाज आला. तोच खर्ज, तेच खाकरणं, वाक्याच्या शेवटी तीच ठोकर. "ऐकी राहिनात ना रे भो? नही ऐकतस, ते देवनी कान कसाले दिनात?"

खरी भिकुबाई तोंड मिटून पंडितभाऊंच्या शेजारी बसली होती. नथ्थूच्या हातातला पाना खाली पडला.

"आनि एक सूचना," आवाज पुढे म्हणाला. "वाढदिवसना शुभेच्छा देवाना पहिले मानूस जित्ता शे का, तेवढं पुशी ल्या. मंगळवारनी गत नको व्हवाले. अभिमन नाना सर्गमा बठ्ठास्ले कंबर हालाईसन दखाडी राहिनात."

पंडितभाऊ हसायला लागले. पोट धरून हसले, खुर्चीवरून घसरले, डोळे पुसले. दिपमालाला म्हणाले, "छान, ताई, छान. तुम्ही नाचा." आणि फोन ठेवून पुन्हा खुर्चीत नीट बसले.

"भिकुबाई," ते म्हणाले, "तुम्ही तिथं जाऊन घोटाळा केलात, हे मला कळलं. पण मंगळवारचं तुम्ही सांगितलंत का तिथं?"

"मी माझी चूक गावात सांगत फिरू?" भिकुबाई फणकारली. "मी काय खुळी आहे?"

"मग पहाटे उठून ते ऐकणारं पानखेडीत कोण आहे?"

तो आवाज काढू शकणारं पानखेडीत एकच माणूस होतं, आणि ते भिकुबाईला केव्हाच ओळखू आलं होतं. लग्न होऊन गावात आल्यापासून ती बाई नकला करायची. सासऱ्याची, सरपंचाची, म्हशीचीसुद्धा.

संध्याकाळी तिने भावाच्या मोबाइलवर फोन लावला. जुना, बटणांचा मोबाइल, ज्यात अजून रेडिओ लागतो. पलीकडून पुष्पाबाईच बोलली, आणि विचारपूस वगैरे न करता सरळ भांडायलाच लागली.

"सकायपासून तुना रेडिओ नुसता खरखर करी राहिना. गाव बठ्ठं जमेल. मंग पोरेस्नी मोबाइलवर गाना लावात आनि माले तुना आवाजमा माइकवर बोलनं पडनं. घसा बसना मना."

"तू ते ऐकत नव्हतीस ना?" भिकुबाई म्हणाली. तिला आवाज चढवायचा होता, पण तो चढेना.

पलीकडे भांडं आदळल्याचा आवाज आला.

"सकायले मी चुल्हाजोडे एकलीच ऱ्हास," पुष्पाबाई शेवटी म्हणाली. "तुना भाऊ वावरमा जास. पोरे सुरतले. घरमा कोनी बोलाले नही. तू तरी बोंबलस."

पंडितभाऊंनी दिपमालाचा अहवाल कपाटात टाकला, वाचलाही नाही. एका बाईसाठी रेडिओ चालवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं ते नथ्थूला दोन दिवस ऐकवत राहिले आणि त्याला सामान आणायला बाजारात पाठवत राहिले. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत बघू, मग बंद म्हणजे बंद, असं त्यांनी ठरवलं. अखाजीनंतर काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

यंत्र सुरू झालं त्या पहाटे भिकुबाई माइकसमोर बसली. समोर चष्मा होता, निरोप होते, लावायचं गाणं तयार होतं. तिने त्यातलं काहीच घेतलं नाही. घसा खाकरला आणि बैल थांबवायच्या आवाजात म्हणाली, "पुष्पाबाई, भाकर करपी राहिनी. उलटी टाक."

पानखेडीत पुष्पाबाईने भाकर उलटली. ती खरोखरच करपत होती, असं ती आजही शपथेवर सांगते.