एका दिवसाच्या पिल्लांची आत्या

आत्या माणसांवर कायम चिडलेली असायची. हसायची ती फक्त कोंबडीच्या पिल्लांशी बोलताना, आणि तेही कुणी बघत नाही याची खात्री झाल्यावर. फाटकात माणूस आला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची. "चपला कुठं फिरवून आणल्यास? दुसऱ्याच्या शेडातनं आला असशील तर तितनंच माघारी फिर." एकदा तर औषधं विकायला आलेल्या एका टायवाल्या माणसाला तिनं बूट-मोजे काढायला लावले होते आणि त्याच्या पायांवर तांब्यानं जंतुनाशकाचं पाणी ओतलं होतं. तो पुन्हा आला नाही. आत्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

ती चऱ्होलीची माहेरवाशीण. नवरा गेल्यावर भावाकडे परत आली आणि अख्ख्या गावाची आत्या झाली. भावाच्या वावराच्या कडेला पत्र्याची शेड होती. हॅचरीतून खोक्यांत भरून आलेली एक दिवसाची पिल्लं लोक तिच्याकडे आणून सोडायचे आणि तीन आठवड्यांनी घेऊन जायचे. आत्याकडचे तीन आठवडे काढलेलं पिल्लू कुठंही जगतं, असं म्हणायचे. आमचं शेत तिच्या बांधाला लागून. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात. आमची लाइन कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी पाचशे गावरान पिल्लं मागवली. आणि आत्याकडे न सोडता आमच्या शेतावर शेड उभारून स्वतःच सांभाळायची ठरवली. व्हिडिओ पाहिले होते. वहीत तक्ते काढले होते. आणखी काय लागतं?

एप्रिलचे दिवस होते. खोकी टेम्पोनं चाकणच्या चौकापर्यंत आली. तिथून मी ती गाडीत घेतली आणि पिल्लांना उकडू नये म्हणून एसी पूर्ण सोडला. चौकात ट्रक आडवा झालेला. तासभर हललोच नाही. शेतावर पोचलो तेव्हा आत्या बांधावर उभीच होती. तिनं खोक्यात हात घातला, एक पिल्लू उचललं आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावले.

"बरफ झाल्यात की रं! तू काय भाजी आणलीस व्हय, गार ठेवायला?"

मी घाईघाईनं खाद्याचे ट्रे मांडायला लागलो. तिनं ते उचलून बाहेर ठेवले. "भूक न्हाई त्यास्नी. अंड्यातला बलक हाय पोटात अजून. तान लागलीया." मग तिनं कोमट पाण्यात गूळ विरघळवला, उथळ ताटल्यांत ओतला, पिल्लं बुडू नयेत म्हणून ताटल्यांत खडे टाकले, आणि एकेक पिल्लू घेऊन त्याची चोच पाण्यात बुडवायला बसली. पाचशे पिल्लं! मी म्हणालो, "आत्या, थोड्यांना पाजलं की बाकीची बघून शिकतात, असं व्हिडिओत सांगितलंय."

"मंग व्हिडिओलाच बोलव पाजायला."

दुपार होईपर्यंत ती उकिडवी बसून होती. मधून मधून मलाही एखादं पिल्लू हातात द्यायची आणि मी चोच जरा खोल बुडवली की हातावर चापट मारायची. "नाकात पानी जाईल त्याच्या. मारतो का काय!" त्या दिवशी दहा-बारा पिल्लं गेली. आत्या नसती तर किती गेली असती, हे तिनं मला पुढं चार महिने ऐकवलं.

शिकवणं तिला मुळीच जमायचं नाही, आणि तिच्याकडून शिकण्याइतका वैताग मी आयुष्यात दुसरा भोगला नाही. पिल्लं ठेवायला केलेल्या पत्र्याच्या गोलात, उबेच्या बल्बांखाली, मी तीन थर्मामीटर टांगले होते, कारखान्यात तपासून आणलेले. ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. "काट्याला काय इचारतोस? पिल्लांस्नी इचार." सकाळी म्हणायची बल्ब वर घे, दुपारी म्हणायची खाली का नाही घेतलास, वारा फिरलाय दिसत न्हाई का? मी एक आकडा मागायचो. फक्त एक आकडा, म्हणजे मी तो भिंतीवर लिहून ठेवला असता. "आकडा मागू नगंस, इंजिनेर. बघाय शिक." पिल्लं बल्बखाली गोळा झाली म्हणजे थंडी, पत्र्याला जाऊन चिकटली म्हणजे उष्मा, जोंधळे फेकल्यासारखी सगळीकडे पांगली म्हणजे बरोबर. एवढी तीन वाक्यं तिनं पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तिचं काय बिघडलं असतं? ती मला तीन महिन्यांनी, तीही माझी मीच जुळवावी लागली.

प्रवासानं थकलेल्या पिल्लांची शी मागं चिकटून वाळते. ती जागा बंद झाली तर पिल्लू मरतं. आत्या कोमट पाण्यात कापूस भिजवून एकेकाला पुसायची. मला किळस यायची. मी हातमोजे घातले तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "तुला पुसताना तुझ्या आईनं घातलं हुतं का?" मी मोजे काढले.

आता गुरुवारचं सांगतो. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि लाइट जाते तीही गुरुवारीच, दुरुस्तीच्या नावाखाली. आत्याचा नियम होता: गुरुवारी पिल्लं घ्यायची नाहीत. पण मला सुट्टी तेवढीच. वरिष्ठांकडे रजा मागितली तर ते म्हणाले, "कोंबड्यांसाठी रजा?" आणि हसले. शेवटी मी डिसेंबरात, गुरुवारी सकाळी, पिल्लं मागवली आणि आत्याला सांगितलंच नाही.

नऊ वाजता लाइट गेली. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. मी कोळशाची शेगडी पेटवून आत ठेवली, थंडी शिरू नये म्हणून चारी बाजूंचे पडदे खालपर्यंत बांधले आणि बाहेर येऊन वीज कार्यालयाला फोन लावत बसलो. "आपण रांगेत आहात," असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. आत्या तिकडून पळत आली ती पडदे बघूनच. तिनं विळ्यानं दोऱ्या कापल्या. आत धूर कोंडला होता. मधल्या भागात पिल्लं एकमेकांवर चढून पडली होती, पिवळ्या लोकरीच्या ढिगासारखी. खालच्या थरातलं एकही हलत नव्हतं.

त्या दिवशी ती ओरडली नाही. मी वाट बघत होतो, तिनं ओरडावं म्हणून. ती जिवंत पिल्लं पदरात घेऊन उन्हात नेऊन ठेवत होती, एकेकाच्या छातीला बोटानं चोळत होती. मी खड्डा खणला. मेलेली पिल्लं त्यात टाकून चुना पसरला, तेव्हा ती काठावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ऊब द्यायची म्हंजी श्वास कोंडायचा न्हाई, बाबा." 'बाबा' म्हणाली. मला त्यापेक्षा शिवी परवडली असती.

महिनाभर मी तिला तोंड दाखवलं नाही. मग एके सकाळी बांधावरून हाक आली, "शेड धुतली का न्हाई? का तशीच कुजवतोस?" मी उठलो आणि धुवायला लागलो. ती तिकडून सूचना देत राहिली. सगळ्या चुकीच्या वेळी, सगळ्या बरोबर.

दोन वर्षांत आमच्या चारी बाजूंना इमारती उठल्या. समोरच्या सोसायटीतून वासाच्या तक्रारी यायला लागल्या. आत्या म्हणायची, "आदी कोन आलं हितं?" पण भावाच्या मुलानं, तिच्या भाच्यानं, वावर बिल्डरला दिलं होतं, तिला विचारलंही नव्हतं. भाचा वाईट नव्हता. तिला त्यानं सातव्या मजल्यावरची खोली दिली, कमोड दिला, टीव्ही दिला. शेड एका सकाळी जेसीबीनं पाडली. आत्या गॅलरीतून बघत होती, असं भाच्याची बायको मनीषा म्हणाली. जेवली नाही, म्हणाली.

मग फोन सुरू झाले. पिल्लं आली की मी व्हिडिओ कॉल लावायचो आणि कॅमेरा गोलाभोवती फिरवायचो. ती वैतागायची. "तोंडं नगं दावू. आवाज ऐकीव." मी फोन खाली धरायचो. ती कान लावून ऐकायची. मग, "डाव्या अंगाला कोनतरी रडतंय. वारं लागतंय तितं." मी जाऊन बघायचो, आणि पडदा फाटलेला असायचा. दर वेळी मला तिचा राग यायचा, कारण मला ते रडणं वेगळं ऐकूच येत नव्हतं. एवढा गलका, त्यात एक सूर कसा ओळखायचा? विचारलं तर फोन बंद.

शेवटचा भेटलो तेव्हा ती पलंगावर होती. डोळे मिटलेले. "मेली किती?" एवढंच तिनं विचारलं. जगली किती, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "एकही नाही, आत्या."

डोळे उघडले. "खोटं बोलाय लागलास?"

"चार," मी म्हणालो.

"कशानं?"

मला तिघांचं सांगता आलं. चौथ्याचं नाही. "चौथ्याचं कळंस्तवर नवी आनू नगंस," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिनं माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य.

चौथं कशानं गेलं, ते मला आजही माहीत नाही. पुढची पिल्लं आधीच सांगून ठेवली होती. ती परत पाठवता येत नव्हती. आली ती नेमकी तिच्या दहाव्याच्या सकाळी. आळंदीला घाटावर आठ वाजता बोलावलं होतं. मी खोकी उघडली, सगळ्यांना पाणी पाजलं, मागं चिकटलेली पुसली, आणि घाटावर पोचलो तेव्हा माणसं पांगली होती. मनीषा पातेली गोळा करत होती. माझ्या गुडघ्यांना लागलेलं, पिल्लांखाली पसरतात ते भाताचं तूस तिनं बघितलं.

"भावजी, आत्ता? तुम्ही तरी वेळेवर यायचं."

इंद्रायणीच्या पाण्यावर फेस तरंगत होता. मी पायरीवर बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसती चिडचिड होत होती. आत्यावर, स्वतःवर, मागं एकटे सोडून आलेल्या पाचशे जिवांवर. आत्या असती तर उशिरा आलो म्हणून एक शब्द बोलली नसती. पहिल्या दिवशी पिल्लं टाकून आलोच कसा, म्हणून भर घाटावर तिनं माझी खरडपट्टी काढली असती. हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की मनीषानं दिलेला चहा मी तसाच पायरीवर ठेवला आणि गाडीकडे निघालो.