चरवीएवढा बाज

माझ्या थोरल्या साडूंइतकं खरं बोलणारा, आणि खरं बोलून समोरच्याला इतकं दमवणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी कौतुकानं म्हणतोय की वैतागानं, ते आता माझं मलाच सांगता येत नाही. गेल्या काही वर्षांतले माझे बहुतेक रविवार त्यांनी खाल्ले आहेत. आठवडाभर शाळेत विज्ञान शिकवून घसा बसलेला असतो. रविवारी बारामतीत आपल्या घरी जरा पडून राहावं म्हटलं, तर दिवस उजाडायला वरकुट्याहून फोन. “काय ग्रॅज्युएट, मोकळं हाय का?” ह्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर असू शकतं हे त्यांच्या गावीच नाही. मोकळा नसता तर माणसानं फोन उचललाच कशाला असता, असं त्यांचं सरळ म्हणणं.

ग्रॅज्युएट हे नाव त्यांनी मला लग्नाच्या मांडवातच दिलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी., तेही झूऑलॉजी घेऊन. वडिलांनी त्या कागदाला काचेची फ्रेम केली आणि देवांच्या फोटोंच्या रांगेत लावली, ती अजून तिथंच आहे. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण झूऑलॉजी शिकलेल्याला यच्चयावत जनावर आणि पाखरू ओळखता येतं, अशी साडूंची ठाम समजूत झाली, तिथं माझं नशीब फिरलं. खरं सांगायचं तर मी तीन वर्षं झुरळ, गांडूळ आणि बेडूक कापले. उडणारं काही अभ्यासक्रमात असलंच तर परीक्षेला कधी आलं नाही.

साडूंना मात्र पाखरं कुणी शिकवली नाहीत. त्यांची डाळिंबाची बाग. फळ रंगावर आलं की पाखरं टोचायची आणि साडू गोफण घेऊन त्यांच्या मागं धावायचे. कुठलं पाखरू कुठल्या फांदीवर, कुठल्या वेळी बसतं, ह्याचा त्यांनी नेम धरण्यासाठी अभ्यास केला. तो इतका पक्का झाला की एक दिवस गोफण हातातच राहिली आणि ते नुसते बघत बसले. मेव्हणीबाई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अजून सांगते, “तवापास्नं डाळिंबं पाखरांची आन् आमी राखणदार.” पुढं त्यांनी दुर्बीण आणली. अंगात हिरवा शर्ट आला. पोरीच्या साखरपुड्यातही तोच शर्ट होता, कारण वाटेत माळ लागत होता आणि माळावर काही दिसलं तर पांढऱ्या कपड्यानं बिचकलं असतं. एकदा माळावर मला शिंक आली, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ती अर्ध्यात गिळली. कान दिवसभर वाजत होते.

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे मापं. सेंटिमीटर त्यांना मान्य नाही. “पाखरू काय टेप लावायला थांबतंय व्हय?” पाखराचा आकार ते भांड्यात सांगतात. चिमणी म्हणजे फुलपात्राच्याही खाली, शिकरा, म्हणजे तो लहानसा शिकारी पक्षी, तांब्याएवढा, घार दुधाच्या चरवीहून मोठी, कळशीच्या जवळपास, आणि माळावर हिवाळ्यात येणारे गरुड सरळ घागर. पुण्याच्या पक्षिमित्रांचा फोनवर एक गट आहे, त्यात त्यांना कुणीतरी घेतलं. तिथं इंग्रजी चालतं, म्हणून साडू तोंडानं सांगणार आणि मी टाईप करणार. तांब्याचं इंग्रजी करताना मी घामाघूम व्हायचो. गटाचे प्रमुख एक डॉक्टर आहेत, सभ्य गृहस्थ. त्यांनी एकदा हसण्याचं चित्र टाकून विचारलं, तांब्या किती लिटरचा? साडूंनी ते चेष्टेवर नेलं नाही. घरातला तांब्या पाण्यानं भरून मोजून घेतला आणि मला लिहायला लावलं, “काठोकाठ भरून एक लिटर, पितळी.”

तर ह्या माणसाला मागच्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी, वरकुट्याच्या माळावर बाज दिसला. बाज हा हिमालयाकडचा पक्षी, शिकऱ्याचाच थोरला भाऊ म्हणावा असा. आपल्या भागात त्याचं काही काम नाही. साडूंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. “पाठ राखाडी, भुवई पांढरी, चुना वढल्यागत. आन् चरवीएवढा, ग्रॅज्युएट. तांब्या न्हवं, चरवी!” गटाचा नियम असा, की फोटो नसेल तर दुसरा साक्षीदार हवा. कॅमेरा साडूंकडं नाही. म्हणून त्यांनी त्याच दुपारी, माझी वाट न बघता, स्वतःच्या बोटानं गटावर निरोप टाकला: “बाज. अर्जंट. रविवारी सकाळी वरकुट्याच्या माळावर या. गाडी लांब लावा. आवाज करू नका.”

निरोप पक्षिमित्रांच्या गटावर गेलाच नाही. तो गेला सासुरवाडीच्या गटावर, जो मी सहसा उघडतच नाही.

आता आमच्याकडं बाज म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर पक्षी येत नाही, खाट येते. त्यात साडूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. कऱ्हाटीला आमच्या सासूबाईंनी निरोप वाचून घेतला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. “बाळंतिणीला बाज पायजे म्हणत्यात जावई. आवाज करू नका म्हणजे पोरीला झोप न्हाय बिचारीला.” माळावरच का, असं कुणीतरी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, “त्यांचं डोकं माळावरच असतंय कायम.” आणि धाकट्या मेव्हण्याला बसवून त्यांनी घरातली बाज नव्या सुंभानं विणून घेतली.

रविवारी सकाळी मी आणि साडू माळाच्या कडेला बांधाआड पोटावर पालथे. गवत दवानं ओलं, माझा शर्ट भिजलेला, आणि पुण्याचं एकही माणूस आलेलं नाही ह्याचं साडूंना वाईट वाटत असलेलं. एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “हिवराच्या मधल्या फांदीवर. बुंध्यापास्नं हातभर. चरवी बघा, चरवी.” त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांना लावून नीट करतोय, तोच डावीकडं काहीतरी हललं आणि माझी मान आपोआप तिकडं वळली. चार पाय वर करून एक बाज गवतातून चालत येत होती. खाली आमचा मेव्हणा होता. पिकअप त्यानं सांगितल्याप्रमाणं पार रस्त्यावर ठेवली होती, आणि बाज डोक्यावर घेऊन, चपला हातात धरून, चवड्यांवर चालत येत होता. दुर्बिणीतून मला सुंभाची वीण न वीण दिसली. आमच्यापाशी येऊन तो अगदी कानात बोलल्यासारखा म्हणाला, “दाजी, कुठं ठिवू?”

मागं पंखांचा आवाज झाला. मी वळेपर्यंत काहीतरी राखाडी, लांब शेपटीचं, ओढ्याच्या वळणाआड गेलं. बस.

निरोप कुठं गेला ते साडूंना तिथंच कळलं. बाजेला हात लावून “चांगली विणलीय” म्हणाले. मग त्याच बाजेवर आम्ही तिघं बसलो आणि त्यांनी मला फोन काढायला सांगितला. सगळं नीट सांगितलं, वेळ, झाड, भुवई, चरवी. मी टाईप करत गेलो. शेवटी म्हणाले, “आन् लिवा, सोबत साडू बी.एस्सी. झूऑलॉजी, त्यांनीबी पाहिला.”

माझा अंगठा थांबला. माझ्या वडिलांनी जन्मभर काय लिहिलंय ते न कळता कागदावर अंगठा उठवला. मी सही करतो ती वाचून करतो, आणि त्या पदवीखाली खोटं लिहिलं तर ती फ्रेम भिंतीवरून काढावी लागेल, असं मला वाटलं. बरं, हा माणूस खोटं बोलत नाही हे मला पुरतं ठाऊक. मी म्हणालो, “मी बाज पाहिली. बाज पाहिला नाही.”

मेव्हण्याला हसू आलं, ते त्यानं आवरलं. साडू म्हणाले, “तुमास्नी खरंच न्हाय दिसला?” मी म्हणालो, “उडालेलं दिसलं. काय उडालं ते छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.” “मग तसंच लिवा,” ते म्हणाले.

तसंच लिहिलं. संध्याकाळी डॉक्टरांचं उत्तर आलं: शिकऱ्याची मोठी मादी असावी, दुरून फसगत होते, प्रयत्न करत राहा. तांब्याची चेष्टाही खरेपणानं मोजून परत करणाऱ्या माणसानं ह्याला फक्त “बरं” एवढंच कळवलं. त्यानंतर माझे रविवार मोकळे झाले. किती वर्षं मागत होतो मी ते! लोळून पाहिलं, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, दुपारी झोपलो, आणि आठवडाभर शिकवल्यावर येतो त्याहून जास्त थकवा आला. लेकीला मुलगी झाली. बारशाला साडूंनी आग्रह करून जेवू घातलं, पण मला “या पाव्हणं, बसा पाव्हणं” म्हणत होते. ग्रॅज्युएट काही तोंडातून निघालं नाही. घरी येताना बायको म्हणाली, “एवढं एक वाक्य लिवलं असतं तर काय बिघडलं असतं?” मी म्हणालो, काही बिघडलं नसतं. आणि लिहिलं मात्र नसतं.

माघ संपता संपता फोन आला. “मोकळं हाय का?” मागं-पुढं काही नाही. मी शर्ट चढवून निघालो.

गवत वाळून पिवळं पडलं होतं. साडूंनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि स्वतः हिवराकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून मांडी घातली. मी म्हटलं, “अहो, तुम्ही बघा की आधी.” तर म्हणाले, “मी बघितला की परत माझ्या एकट्याचंच हुतंय. आज तुमी बघा, ग्रॅज्युएट. ऊन तापलं की जाईल त्यो वर त्याच्या मुलखात.”

झाड रिकामं होतं. ऊन चढत गेलं, दुर्बिणीनं हात भरून आले, पण ती खाली घ्यायचा मला धीर होईना. ते एकदाही मागं वळले नाहीत. माझ्या तोंडाकडं टक लावून बसले होते. दिसला तर ते त्यांना तिथंच कळणार होतं.