बिस्किटांच्या जागी फिनेल

मंडळी, आज सकाळी इथल्या, म्हणजे धाराशिवच्या, मोठ्या मार्टमध्ये गेले होते. बिस्किटांच्या रॅकवर फिनेलच्या बाटल्या मांडल्या होत्या. एकच ओळ, पुढे ओढलेली. मागे सगळं रिकामं.

याच मार्टची उमरग्याची शाखा बंद झाली, त्याआधी माझ्या बहिणीने तिथे हेच पाहिलं होतं. आधी एसी बंद, मग रिकामे रॅक झाकायला फिनेल, मग कुलूप. पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "रिनोव्हेशन आहे, मॅडम." लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मी इतकं धडधडीत खोटं बोलले असते, तर सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

काउंटरवरची सविता उमरग्याहून बदलून आलेली. लेक अजून तिकडेच, आजीजवळ. बिल करता करता हळूच म्हणाली, "काकू, पोरीला इथल्या शाळेत घालायचंय. उद्याच नाव द्यावं लागतंय. घालू का?"

"ते फिनेल कुणी मांडलं गं?"

"म्याच. सायबांनी सांगितलं."

"आणि उमरग्याला?"

तिचा हात थांबला. "तिथं बी म्याच की, काकू."

"मग नको घालूस," मी म्हणाले.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. माझा अंदाज चुकला, तर ती पोर विनाकारण आणखी वर्षभर आईपासून लांब राहील. मॅनेजरने खरं सांगायचं, ते एका गिऱ्हाइकाने सांगितलं. तुम्ही काय सांगितलं असतं?