एकही होम रन न मारलेला भाऊ

मंडळी, आज इथे जपानमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर बेसबॉल बघायला गेले होते. आपल्याला सिक्सरची सवय, त्यामुळे मी होम रनचीच वाट बघत होते.

एका खेळाडूने बॅटने चेंडू मुद्दाम हळूच जमिनीवर टेकवला. तो आउट झाला, पण त्याचा साथीदार पुढच्या बेसवर, म्हणजे धावेच्या एक टप्पा जवळ, पोचला. मी हळहळले, "अरेरे, विकेट फुकट घालवली!" आजूबाजूला मात्र टाळ्या.

शेजारी बसलेले ऑफिसमधले मोरी-सान म्हणाले, "माझा भाऊ असाच खेळायचा. आयुष्यात एक होम रन नाही मारला. त्सुनामीच्या दिवशी आईला टेकडीवर पोचवलं आणि शेजारच्या आजींसाठी परत खाली गेला. आजी वर आल्या. तो नाही आला."

थोड्या वेळाने खरंच होम रन झाला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मोरी-सान बसूनच होते.

मलाही उठवेना. तुम्ही उठला असतात का?